नमुना घेण्याची जागा

आमच्या खात्याला एके दिवशी साक्षात्कार झाला की आम्हाला पाण्यातलं काही कळत नाही. बावीस वर्षं मी नाल्यानद्यांचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पोचवतेय, कारखान्यांना पास-नापास करतेय, पण विचारतो कोण! साहेबांनी फर्मान काढलं: वरिष्ठ निरीक्षक व्हायचं असेल तर 'नोकरदार पर्यावरण व्यावसायिकांसाठी जलविज्ञान' हा बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करा. आणि तो ऑफिसच्या वेळेत नाही हं, घरी जाऊन.

झालं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र शर्टातले प्राध्यापक, मागे खळाळता झरा, आणि बुवाच्या बुटाला चिखलाचा ठिपका म्हणून नाही. पहिल्या धड्याचं नाव 'पाणी : एक ओळख'. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही, आणि मधूनच पडद्यावर प्रश्न उगवतो, 'तुम्ही जागे आहात का?'

"आहेस का?" नवरा भाजी चिरता चिरता विचारायचा.

"अहो, तुम्ही गप्प बसा. मी पाण्याची ओळख करून घेतेय."

"बरं झालं. इतकी वर्षं नुसती तोंडओळखच होती."

सातव्या आठवड्यात गृहपाठ आला: 'आपल्या कामाच्या ठिकाणी नमुना घेण्यात झालेली चूक आणि तिचा परिणाम. खरा अनुभवच लिहावा.' शिक्षक एक, विद्यार्थी बाराशे, मग तपासायचं कोणी? आम्हीच. नावं झाकून याचा गृहपाठ त्याला, त्याचा याला. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय! मी लिहिलं, एकोणीस वर्षांपूर्वी एका बाटलीला चिठ्ठी लावायची विसरले होते त्याबद्दल. त्यानंतर आपल्या हातून काही चुकल्याचं मला आठवेचना. गृहपाठ पाठवला आणि तपासायला आलेला दुसऱ्याचा उघडला.

'आमचा कारखाना लोखंडी पत्र्यांना मुलामा देतो,' असं त्यात लिहिलं होतं. 'आम्लाचं पाणी शुद्ध करून नाल्यात सोडायचं असतं, पण ती यंत्रणा तीन वर्षं बंद आहे. तपासणीचा दिवस ठरलेला असतो, कारण निरीक्षकांच्या खात्याची गाडी महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारीच मोकळी असते. त्या दिवशी आम्ही बागेच्या नळाचा पाइप नाल्यात सोडतो. पाइपाचं तोंड जिथे येतं, तिथेच काठावर एक निळी खुर्ची ठेवतो. निरीक्षक मॅडमचा गुडघा दुखतो. त्या खुर्चीत बसतात आणि बसल्या जागेवरून हात खाली करून नमुना घेतात. अशा रीतीने नमुना घेण्याची जागा तीन वर्षं खुर्चीने ठरवली. मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. दर वेळी खुर्चीबद्दल आभार मानतात. उपाय : खुर्ची काढावी.'

मी ते दोनदा वाचलं. मग उठून ग्लासभर पाणी प्यायले आणि तिसऱ्यांदा वाचलं. आभार! मानलेत हो मी, दर वेळी मानलेत. 'किती काळजी घेता तुम्ही,' असंसुद्धा म्हणाले होते त्यांच्या केमिस्टला, कारण तो न चुकता विचारायचा, 'मॅडम, गुडघा कसा आहे?' मेल्याला खरंच काळजी होती. गुडघा बरा झाला असता तर केवढी पंचाईत! आणि खात्याला तीन वर्षं ज्याचा पत्ता लागू दिला नाही, ते या सद्गृहस्थाने पंधरा गुणांसाठी उदाहरणासकट लिहून दिलं.

स्वतःच्या मूर्खपणाचं हसू येऊन गेलं, पण मग लाज वाटली आणि ती काही केल्या जाईना. त्या नाल्याच्या खालच्या अंगाला, चारशे पावलांवर, एक लाँड्रीवाली बाई हॉस्पिटलच्या चादरी धुते. तिने खात्याला तीन पत्रं लिहिली होती: या पाण्याने हात सोलतात, चादरींवर पिवळे डाग पडतात. तिन्हींना उत्तर मी दिलं, 'पाणी निकषांत बसते, तक्रार निराधार.' 'निराधार' हा शब्द माझाच. लिहिताना बरा वाटला होता. त्याच उत्तरावर बोट ठेवून हॉस्पिटलने तिला कळवलं, पाणी चांगलं आहे म्हणजे खोट तुमच्या धुण्यात आहे, महिनाअखेरीला तुमचं काम बंद. त्या पत्राची प्रत आमच्याकडे आली होती आणि मी ती फाइलला लावली होती. फाइलला कागद लावण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

नवऱ्याने मागून डोकावून सगळं वाचलं. हातातली सुरी टेबलावर ठेवली.

"किती गुण देणार?" एवढंच म्हणाला.

पंधरापैकी पंधरा दिले. समस्या स्पष्ट, पुरावा भक्कम, उपाय स्वस्त.

गृहपाठ मी कुणाला दाखवणार नव्हते. नाव झाकून खरं बोललेल्या माणसाला उघडं पाडायचं म्हणजे पुढे कुणी नाव झाकूनही बोलायचं नाही. आणि मला त्याची गरज तरी काय होती? पुरावा नाल्यातून रोज वाहत होता. गुरुवारी बाटल्यांची पेटी घेऊन मी बसने कारखान्यावर गेले. काठावर खुर्ची नव्हती. असणार कशी, मंगळवार कुठे होता!

केमिस्ट धावत आला. "मॅडम, आज?"

"का? आज पाणी वाहत नाही का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी निसरड्या काठावरून खाली उतरायला लागले, गुडघ्याने बोंब मारली. तसा तो पुढे झाला, माझ्या हातातली पेटी त्याने घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हात धरा. अजून थोडं खाली घ्या, मॅडम. तिथे बरोबर येईल."

आम्ल आणि लोह, दोन्ही मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. साहेब अहवाल वाचून खूश झाले. "शाब्बास! उद्याच नोटीस काढू त्यांना." मग त्यांची नजर शेवटच्या परिच्छेदावर गेली. मी लिहिलं होतं, 'यापूर्वीचे छत्तीस नमुने मी चुकीच्या जागी घेतले. तक्रारदार बाईंच्या तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या.'

"हे कशाला उकरून काढताय? कारखान्याची यंत्रणा नुकतीच बिघडली असं लिहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. बढतीची यादी पुढच्या आठवड्यात निघतेय, बाई."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. दोन ओळी खोडल्या की नाला साफ, कारखान्याला दंड आणि मी वरिष्ठ. सगळ्यांचं भलं. फक्त ती बाई तेवढी तीन वर्षं वाईट धुणारी ठरणार, आणि महिनाअखेरीला घरी बसणार.

"साहेब, त्या ओळी राहतील."

"मग यादीत तुमचं नाव राहणार नाही."

"नसू दे," मी म्हणाले.

अहवालाची एक प्रत हॉस्पिटलला गेली आणि त्यांनी काम बंद करण्याचं पत्र मागे घेतलं. दुसरी प्रत घेऊन मी स्वतः लाँड्रीवालीकडे गेले, तीन वर्षांत पहिल्यांदा. कबुलीचं छोटंसं भाषण बसमध्येच जुळवलं होतं. तिने पदराला हात पुसले आणि कागद अगदी कडेला धरला. बोटांच्या टोकांची सालं निघाली होती. ते बघून मी भाषण गुंडाळलं आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

तिने सगळं सावकाश वाचलं.

"म्हणजे पाणीच खराब होतं?"

"हो. चूक माझी होती. मी तुम्हाला तीनदा खोटं ठरवलं."

मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने कागदाची नीट घडी घातली.

"सरकारी कागद आला म्हटल्यावर मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "तीन वर्षं मी साबण बदलत होते, बाई."