साबण लागलेला तवा

मी एक जुना बिडाचा तवा आहे. खोलगट, लांब दांड्याचा आणि चांगलाच जड. वितळलेला लाल रस वाळूच्या साच्यात ओतला, निवल्यावर हातोड्याने साचा फोडला आणि मला बाहेर काढलं. मारझोडीशी माझी ओळख अशी जन्मापासूनची.

अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरात, कोळशाच्या खाणीशेजारी ज्युएल राहायची. तिच्या आईने मला तिच्या लग्नात दिलं. "जन्मात साबण लावू नकोस याला," एवढंच बजावलं. साबणाने तव्याचं तेलकट काळेपण जातं आणि तो गंजतो, म्हणून तिथली प्रत्येक बाई हे पाळते. डुकराच्या चरबीचा हात फिरून फिरून मी काळाभोर आणि गुळगुळीत झालो होतो. मक्याचा पाव माझ्यातून असा अलगद सुटायचा, की ज्युएलची छोटी डेल्फिया टाळ्या पिटायची.

ज्युएलचा नवरा बर्ल खाणीतून यायचा तो धुमसतच. कधी खुर्ची भिंतीवर फुटायची, कधी कुत्र्याच्या बरगडीत बूट बसायचा. डेल्फिया टेबलाखाली शिरायची. मित्रांनो, मूल गप्प बसलं की मोठ्यांना वाटतं, त्याला काही कळलं नाही. तिला बापाच्या नुसत्या पावलांवरून सगळं कळायचं.

एका रविवारी दुपारी पावाची कड जराशी करपली. बर्लने मला दांड्यावरच्या फडक्यासकट धरून उचललं. पहिला फटका ज्युएलच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. हाड मोडल्याचा आवाज झाला. मी अजून तापलेलाच होतो. माझ्यावर उडालेलं रक्त चरचरलं.

ती हलेना, तेव्हा बर्ल घाबरला. ज्याने आयुष्यात कप विसळला नव्हता, त्याने कपड्यांचा साबण आणि वाळू घेऊन मला खरवडून काढलं. रक्त गेलं, त्याबरोबर माझी काळी कातडीही गेली. दुसऱ्या दिवशी मी गंजून लाल झालो.

"पायऱ्यांवरून पडली," त्याने गावभर सांगितलं.

शेजारची ओपल काकू रस्सा घेऊन आली. मला बघून जागच्या जागी थांबली.

"अगं बाई! साबण? हा कुणाचा उद्योग?"

ज्युएलने कानावरच्या पट्टीवर हात ठेवला. "राहू दे ना, काकू."

"बरं बाई." रस्सा ठेवून काकू निघून गेली. टेबलाखालून दोन डोळे तिच्या बुटांकडे बघत राहिले.

पुढे खाणीचं छत कोसळून बर्ल मेला. डेल्फिया शिकली, शहरात गेली, कवयित्री झाली. डोंगरांवरच्या, पाखरांवरच्या तिच्या कवितांना बक्षिसं मिळाली, फोटो छापून आले. पण टेबलाखालची मुलगी एकाही कवितेत नव्हती. मी मागच्या पडवीत कोंबड्यांचे दाणे सांभाळत पडलो होतो.

मग केस पिकायला लागल्यावर तिने स्वतःच्या लहानपणाचं पुस्तक लिहिलं. गावच्या वाचनालयात, पहिल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या आईसमोर ती वाचायला उभी राहिली, तेव्हा तिने मला गंजलेला तसाच शेजारी ठेवलं होतं. तो रविवार वाचून होतो न होतो, तोच बर्लचा भाऊ डॉयल उसळला.

"खोटारडी! मेलेल्या बापाला विकून खातेस? वहिनी, तूच सांग. पडली होतीस ना?"

डेल्फियाने आईकडे बघितलं. त्या दिवसाबद्दल आई तिच्याशीसुद्धा कधी बोलली नव्हती. आता आई नुसतं 'हो' म्हणाली असती, तरी लेक जन्मभराची खोटी ठरली असती.

ज्युएलने ऐकू येणारा कान डॉयलकडे वळवला.

"भावजी, मी पडले असते, तर तव्याला साबण कुणी लावला असता? मी?"

पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. बायकांनी मात्र माना खाली घातल्या. त्यांना दुसरा पुरावा नको होता. काठी टेकत ओपल काकू उठली.

"मी बघितला होता तो तवा. बघितला, आणि रस्सा ठेवून घरी गेले."

डॉयल टोपी उचलून चालता झाला.

आता डेल्फिया मला रोज चरबी चोळते. अजून पाव चिकटतो, पण मायलेकी तो खरवडून खातात.

मित्रांनो, बिडाच्या तव्याला साबण लावू नका. आणि कुणाच्या घरी असा लाल तवा दिसलाच, तर रस्सा ठेवून परत फिरू नका. आधी वाकून टेबलाखाली बघा.