थरथर कुठे गेली?

सकाळपासून चाकबाबाच्या आवाराबाहेर टॅक्सींची रांग लागली होती. कुणाचं स्टिअरिंग थरथरत होतं, कुणाची गाडी एका बाजूला ओढत होती. गाडी पडद्याआड ‘स्नानाला’ जायची आणि ओल्या चाकांनी बाहेर यायची, तेव्हा थरथर गायब झालेली असायची.

“चाक म्हणजे काळ, लेकरांनो,” बाबा सांगत होता. “काळाला पाना लावायचा नसतो. नट सैल केलात की आशीर्वाद निसटला.”

“आणि हवा, बाबा?”

“श्रद्धा भरा. ती पंक्चर होत नाही.”

रांगेतल्या एका टॅक्सीत तरुण चालकाच्या शेजारी शाळेत विज्ञान शिकवणारी त्याची वहिनी बसली होती. तिचा नवराही याच रांगेतून गेला होता. पुढे उतारावर मागचा टायर फुटला आणि टॅक्सी कठडा तोडून खाली गेली; तो वाचला नाही. त्यानं पाना लावला, नियम मोडला, असं बाबानं सांगितलं आणि सासूबाईंनी ते खरं मानलं.

“वहिनी, उगाच आलात,” दीर म्हणाला. “दादाला धीर नव्हता. मी नाही हात लावणार.”

“बरं. मी नुसती बघते.”

गाडी पडद्यातून बाहेर आली. दिरानं एक फेरी मारली. स्टिअरिंग अगदी शांत होतं, त्यानं हात जोडले. वहिनी मात्र मागच्या चाकाशी वाकली होती.

“पुढच्या डाव्या चाकाच्या रिमला मी आतून नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. तो मागे कसा आला?”

“माया आहे, ताई,” बाबा म्हणाला.

“माया नाही, जॅक आहे.” तिनं पडदा ओढला. आत दोन जॅक होते आणि कोपरापर्यंत काळे झालेले दोन शिष्य. कुणीतरी हसलं, पण एकटंच.

“खराब चाक पुढे असलं की हाताला कळतं,” ती म्हणाली. “हे लोक ते मागे टाकतात. हाताला कळायचं थांबतं, चाक खराबच राहतं. भावजी, काढा ते.”

दीर घुटमळला. मग त्यानं नट सैल केले. टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला होता. तो त्यावर बोट ठेवून बसून राहिला. पाने काढायला रांगेतल्या डिक्या एकेक करून उघडू लागल्या.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे त्यानं पाना लावला नव्हता?”

“नाही, आई. चुकून हात जाईल म्हणून त्यानं तो माझ्याकडे काढून दिला होता. माझ्या कपाटात आहे. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“सांगितलं होतंस,” त्या म्हणाल्या. “लावला असता तर?”

“फुगवटा दिसला असता.”

“मी त्याला गेल्यावरही बोल लावत राहिले,” एवढंच त्या म्हणाल्या.

गाडी थरथरते तेव्हा ती काहीतरी सांगत असते. तिला गप्प करणं म्हणजे बरं करणं नव्हे. चाक उतरवा, टायर दोन्ही बाजूंनी बघा, हवा मोजा. आणि एखादी गोष्ट बघू नका असं कुणी बजावलं, तर आधी तीच बघा.