नाक्यावरची हवा

"एवढं लक्ष मी पोरांवर ठेवलं असतं तर दोन्ही डॉक्टर झाली असती," ट्रक चालवता चालवता दीर हवेच्या दाबाच्या सुईकडे बघत पुटपुटला.

वहिनी शेजारच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत डबा, हवा मोजायचा गेज आणि चौकीची किल्ली. किल्ली आज डेपोत परत द्यायची होती. त्याआधी नव्या ट्रकची करामत एकदा डोळ्यांनी बघून घ्या, असं मॅनेजर म्हणाला होता. म्हणून ती सकाळी दिराबरोबर तोडणीच्या जागेपर्यंत वर गेली आणि आता ओंडके भरल्यावर त्याच ट्रकने खाली येत होती.

करामत एवढीच, की बटण दाबलं की केबिनमधूनच चाकांतली हवा कमी-जास्त होत होती. जंगलातल्या मातीच्या रस्त्यावर हवा कमी हवी. टायर पसरतो, रुतत नाही. डांबरी लागली की पुन्हा भरायची, नाहीतर ओझ्याखाली टायर तापतो आणि फुटतो. अकरा वर्षं हे भरायचं काम वहिनीचं होतं. रस्ता डांबरीला मिळतो तिथे तिची चौकी. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न द्यायचा, तिने पाइप घेऊन बाहेर यायचं. तिच्या पंपाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम तिचाच. तो मोडायची छाती तिच्या ड्रायव्हर नवऱ्यालाही झाली नव्हती.

गेल्या वर्षी नवरा तसाच, बसक्या चाकांनी उतारावर गेला. तिसऱ्या वळणावर पुढचा टायर फुटला आणि ट्रक त्याच्यासकट खाली दरीत.

त्या दिवशी सकाळी डेपोत तो म्हणाला होता, हवा भरायला अक्कल कशाला लागते, तोंड असलं की झालं, आणि ते हिला भरपूर आहे. सगळे हसले. तीही हसली होती.

तो गेल्यापासून घरीदारी एकच वाक्य चालत आलं: पंपाच्या धडधडीत तिला हॉर्न ऐकू आला नसेल. सासूने ते रडत म्हटलं, मॅनेजरने कागदावर लिहिलं, शेजारणींनी चहाबरोबर आणून दिलं. वहिनीने कधी मान डोलावली नाही, हलवलीही नाही. बाई दगड झाली, असं लोक म्हणायचे. दगडाला निदान ऊन तरी लागतं, असं तिला वाटायचं. तिला भात गरम आहे की गार हेसुद्धा खाऊन झाल्यावर कळायचं.

दीर त्या दिवशी आपला ट्रक घेऊन भावाच्या दहा मिनिटं मागे होता. चौकीपाशी येऊन त्याने दोनदा हॉर्न दिला, आणि ती लगेच बाहेर आली होती. त्यावर दोघं एकदाही बोलले नाहीत.

नाका आला. दिराने ट्रक चौकीसमोर उभा केला, बटण दाबलं, आणि हाताच्या सवयीने दोनदा हॉर्न वाजवला. चौकीच्या दाराला कुलूप होतं. कुणी बाहेर आलं नाही.

"सवय हो," तो ओशाळून म्हणाला.

सुई पंचावन्नवरून हळूहळू वर सरकू लागली. नव्वदला पोचेपर्यंत थांबणं भाग होतं. थांबणं असह्य होऊन दीर बोलत सुटला. हा पंप किती गरीब, आवाज म्हणून नाही, मांजर घुरघुरावं तसा. तुमचा तो जुना म्हणजे काय, त्याच्या धडधडीत माणसाला...

त्याने नजर सुईकडे वळवली. साठ. पासष्ट.

वहिनीने पिशवीतून किल्ली काढली, बघितली, परत ठेवली.

"त्या दिवशी पंप बंद होता, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे ते. हॉर्न मी ऐकला. दोन्ही ऐकले. म्हटलं, थांबू दे थोडा."