नाजूक सामान

पहिल्यांदा मिक्सरचं झाकण गेलं.

मिक्सर होता, त्याची तिन्ही भांडी होती, वायर नीट गुंडाळून तिला रबर लावलेलं होतं. झाकण तेवढं नव्हतं. “असेल कुठेतरी,” बायको म्हणाली. हे वाक्य मी चोवीस वर्षं ऐकत आलोय. मी विमा कंपनीत दावे तपासतो. ज्यांचं काहीच गेलेलं नसतं ते “सगळं गेलं हो” म्हणून रडतात, आणि ज्यांनी स्वतःच लपवलेलं असतं ते “असेल कुठेतरी” म्हणतात. लोकांवर संशय घ्यायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी हौसेने करतो.

सामान बांधायला आमच्याकडे तीन दिवस होते. बारीकसारीक आम्ही बांधायचं, पलंग-कपाटं उतरवायला मुकादम आणि त्याची दोन माणसं यायची, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक. पद्धत माझी होती. प्रत्येक खोक्याला नंबर, नंबराची यादी, खोकं बंद केलं की चिकटपट्टीवर अर्धी आणि पुठ्ठ्यावर अर्धी अशी माझी सही. कुणी उघडलं तर सही जुळणार नाही. शिवाय रंगीत चिठ्ठ्या. निळी चिठ्ठी म्हणजे नवं घर. पिवळी म्हणजे धाकट्या भावाचं घर.

पिवळीबद्दल जरा सांगायला हवं. नव्या घरात झोपायच्या खोल्या तीन. एक आमची, एक मुलीची. तिसरी माझी. आजवर सगळे अहवाल मी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, एका बाजूला भाजी निवडली जात असताना लिहिले. आता तिसऱ्या खोलीत माझं स्वतःचं टेबल (ते मी महिन्याभरापूर्वीच घेऊन भिंतीला टेकवून ठेवलं होतं), खोलीला दार, दाराला आतून कडी. राहता राहिली आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय वर्षं एकोणऐंशी, आमच्याकडेच असते. तिने धाकट्याकडे जायचं, असं मी आणि धाकट्याने फोनवर ठरवलं होतं. चार दिवसांसाठी. तिला सांगायचं मात्र राहिलं होतं. ट्रकमध्ये सामान चढलं की सांगू, असा बेत होता, कारण चढलेलं सामान उतरवायला कुणी सांगत नाही.

फोन मी बाल्कनीत जाऊन, दार ओढून, तोंडावर हात धरून केला होता. आत्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, हे त्या गडबडीत ध्यानात राहिलं नाही.

“काय रे, माझ्या कपाटाला पिवळं का?” पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं.

“नाजूक सामान आहे आत्या. सांभाळून न्यायला.”

आत्याने कपाटाकडे पाहिलं. ते लोखंडी आहे. मागे एकदा छताचा गिलावा त्याच्यावर पडला, तेव्हा गिलाव्याचा भुगा झाला होता.

“नाजूक,” ती म्हणाली.

“हो ना.”

“आणि काचेच्या पेल्यांना निळं?”

“पेल्यांचं वेगळं असतं.”

“असेल बाबा. तुम्ही शिकलेली माणसं.” आत्या स्वतः त्या काळातली बी.ए. आहे.

दुसऱ्या दिवशी चोरीला ऊत आला. कुकरची शिट्टी गेली. टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण गेलं. भिंतीवरच्या घड्याळाची चावी, मुलीच्या फिरत्या खुर्चीचं एक चाक, शिवणयंत्राची बॉबिन, माझ्या ऑफिसच्या बुटांपैकी फक्त डाव्या बुटाची नाडी. सहा खोकी उघडून पाहिली, सहाही सह्या शाबूत. म्हणजे चोर बाहेरचा नव्हता, निदान चोरी खोकं बंद होण्याआधीची होती. सगळ्यात वाईट म्हणजे चोर अख्खी वस्तू नेतच नव्हता. चोवीस वर्षांत असा चोर माझ्या पाहण्यात नाही. चोराला सोनं कळतं, टीव्ही कळतो. एकाच बुटाची नाडी नेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर फार पुढचा विचार करणारा.

घरात प्रत्येकाने आपापला संशयित निवडला. बायकोचा संशय खालच्या मजल्यावरच्या शेजारणीवर.

“काल मदतीला म्हणून आली आणि तासभर नुसती बघत बसली. दोन कुंड्या उचलून नेल्यान् वर.”

“त्या तूच दिल्यास.”

“दिल्या म्हणजे? ‘नेते हं’ म्हणाली, मी काय हात धरू?”

मुलीचा संशय माझ्यावर होता. “बाबा, तुम्हीच कुठेतरी जपून ठेवलं असणार. मागे पासपोर्ट असाच जपून ठेवला होतात, आठवतंय ना?”

मला आठवत होतं. मी विषय मुकादमाकडे वळवला. तो दुपारीच येऊन पलंग बघून गेला होता. उंच, शांत, कानावर पेन्सिल. शांत माणसं मला पहिल्यापासून खटकतात. संध्याकाळी तो पलंग खोलायला आला, तशी मी त्याला बाजूला घेतला.

“किती वर्षं झाली या कामात?”

“बावीस.”

“कधी काही तक्रार?”

त्याने पाना खाली ठेवला. “काय गेलंय साहेब?”

मी यादी वाचून दाखवली. शिट्टीपर्यंत तो गंभीर होता. नाडीला त्याचा ओठ हलला.

“साहेब, मी चोर असतो तर कुकर नेला असता. नुसती शिट्टी नेऊन काय चौकात उभा राहू, गाड्या अडवायला?”

आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. मांडीवर तिची कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. ती तिथूनच, जणू स्वतःशी, म्हणाली, “चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.”

मी तो टोला मुकादमाला लागला असं समजलो.

पलंग खोलताना आणखी एक गोष्ट निघाली. आमच्या पलंगाच्या आठ बोल्टांपैकी दोन गायब. मुलीच्या पलंगाचा एक. आत्याच्या पलंगाचे आठच्या आठ हजर. तिच्या सामानातली एक टाचणीही हललेली नव्हती. मी वहीत टिपण केलं : “पिवळ्या चिठ्ठीच्या सामानाला हात लावलेला नाही.” खाली कारण म्हणून लिहिलं : “चोर वडीलधाऱ्यांचा मान राखणारा असावा.” आता ते टिपण वाचताना ऑफिसात माझी दोनदा बढती कशी झाली, याचंच नवल वाटतं.

तिसऱ्या दिवशी ट्रक वेळेवर आला, तेव्हाच काहीतरी बिनसणार हे मी ओळखलं. घर रिकामं होत होतं. जिथे कपाट उभं असायचं तिथे भिंतीवर कपाटाच्या आकाराचा स्वच्छ रंग. आत्या तिच्या जागी, पिशवी मांडीवर. चहाचा कपसुद्धा तिने एका हाताने धरला होता.

मुकादम दारात येऊन उभा राहिला आणि जिना ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाला, “साहेब, धाकट्या साहेबांचं घर आधी लागतं. मग पिवळं शेवटी चढवतो, म्हणजे आधी उतरवता येईल. पलंग, कपाट, खुर्ची आणि दोन खोकी. एवढंच ना पिवळं?”

बायको एकदम पायपुसणी झटकायला लागली. मुलीने फोनमध्ये मान घातली. मी म्हणालो, “हां... बघू.”

“आणि आजींची पिशवी? हातातली धरू की सामानातली?” मुकादमाने आवाज खाली आणला. “वाजतेय, म्हणून विचारलं. आल्यापासून ऐकतोय. अशी एक पिशवी बहुतेक घरांत निघते साहेब. कुणाच्या तरी मांडीवर असते.”

मी आत्याकडे गेलो. दावेदाराला मी जसं बघतो तसं बघायचा प्रयत्न केला. ती मला अंघोळ घातलेली बाई आहे, त्यामुळे तो फसला.

“आत्या, पिशवीत काय आहे?”

“तुझंच आहे,” असं म्हणून तिने समोरच्या खोक्यावर एकेक वस्तू मांडली. दोन झाकणं. शिट्टी. चाक. चावी. बॉबिन. तीन बोल्ट. नाडी, नीट गुंडाळलेली. प्रत्येकीला दोऱ्याने कागदाचा तुकडा बांधलेला, त्यावर बारीक अक्षरात खोक्याचा नंबर. तिची यादी माझ्या यादीपेक्षा चांगली होती.

“हे काय आत्या?”

“तुझ्या कुठल्याच खोक्याच्या यादीत मी नव्हते. म्हटलं, प्रत्येक खोक्यातलं थोडं थोडं आपल्याजवळ असू द्यावं. भात शिजवायचा झाला, झोपायचं झालं, की माझी आठवण येईल.”

“अगं, तुला कोण विसरतंय? धाकट्याकडे फक्त चार दिवस. सामान लागेपर्यंत. मग लगेच मी...”

“मी इथे कशाला आले होते?”

मी खिशातली यादी काढून चाळायला लागलो.

“सांग ना. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू घ्यायला आलास. काय म्हणालास?”

“चार दिवस चल म्हणालो.”

“त्याला चौदा वर्षं झाली. चार दिवस म्हणजे किती, ते मला सांगू नकोस.”

बायको पायपुसणी हातात घेऊन पुढे आली. “अहो, मी तुम्हाला म्हटलं होतं, त्यांना आधी सांगा म्हणून.” ती असं काही म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, “तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका.” पण साक्षीदार उलटला की वाद घालू नये, हे मला धंद्याने शिकवलंय.

“धाकट्याकडे जायला माझी ना नाही,” आत्या म्हणाली. “तोही माझाच भाचा. पण मला ‘येतेस का’ असं विचारून न्यायचं. नाजूक सामान म्हणून नाही.”

मुकादम दारात उभा होता. कानावरची पेन्सिल हातात. “साहेब, गाडी रस्त्यात आहे. मागे हॉर्न सुरू झालेत. पिवळं चढवू की नको?”

मी तिसऱ्या खोलीचा विचार केला. कडीचा विशेष. मग कपाटापाशी गेलो आणि पिवळी चिठ्ठी सोलायला लागलो. ती निघेना. अर्धी फाटली, अर्धी राहिली.

“नखाने काढ,” आत्या खुर्चीतून म्हणाली. “रंग जाईल. नाजूक आहे ते.”

पलंग, कपाट, खुर्ची, दोन खोकी, सगळ्यांवर मी स्वतः निळ्या चिठ्ठ्या लावल्या. उरलं माझं टेबल. तिसऱ्या खोलीची लांबी-रुंदी मला पाठ होती. रोज रात्री उशीवर डोकं टेकल्यावर मी ती मनात मोजत असे. पलंग आणि कपाट गेल्यावर तिथे टेबल बसत नव्हतं, दुसरीकडे कुठेच बसत नव्हतं. उरलेल्या चिठ्ठ्यांतली एक पिवळी मी त्याच्यावर चिकटवली.

“हे पण नाजूक का साहेब?” मुकादमाने विचारलं. तो शांत होता म्हणून मला खटकला होता, तो अंदाज काही अगदीच चुकला नव्हता.

वाटेत धाकट्याचा फोन आला. “दादा, आत्याऐवजी टेबल आलंय.”

“राहू दे चार दिवस.”

“बरं बरं, राहू दे, राहू दे,” तो इतक्या पटकन म्हणाला की मला संशयच आला.

नव्या घरी आत्या आधी तिसऱ्या खोलीत गेली. आत जाऊन कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग बाहेर येऊन खुर्चीत बसली आणि पिशवी उघडली. मी यादी घेऊन समोर उभा. आमच्या पलंगाचे बोल्ट दोन, मिळाले. मुलीचा एक, मिळाला. चाक, चावी, बॉबिन, झाकणं, नाडी. शिट्टीपुढे मात्र अजून खूण व्हायची आहे.

त्याला आता दोन महिने झाले. स्वयंपाकाच्या वेळी बायको आत्याच्या खोलीत जाऊन शिट्टी मागून आणते आणि भात झाला की गरम गरमच फडक्यात धरून परत देते. परवा न राहवून मीच गेलो.

“आत्या, आता तरी ती ओट्यावर राहू दे ना. आता काय, तू इथेच आहेस.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे. पिशवी जराशी जवळ ओढून घेतली.

“देणार आहे रे,” ती म्हणाली. “असू दे की माझ्याकडे चार दिवस.”