डाव्या पायाची डबी

कंपनीवाल्यांनो, खोटं तुम्ही लिहिलंत आणि तोंड काळं झालं माझं. माझ्या झाकणावर सोनेरी अक्षरांत ‘अठ्ठावीस दिवसांत मांड्या गुळगुळीत’ असं छापताना तुम्हाला जरासुद्धा लाज वाटली नाही? माझ्या पोटात काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. पाणी, मेण, थोडं तेल आणि बराचसा सुगंध. मला मात्र ठाऊक नव्हतं. मी आपली झाकणावरची अक्षरं खरी मानून स्वतःवरच खूश होते.

मी क्रीमची एक डबी बोलतेय. गोल, पांढरी, मुठीत मावेल एवढी.

माझी मालकीण रंगाच्या कारखान्यात काम करते. नवा रंग तयार झाला की तो पत्र्याच्या तुकड्यावर लावायचा, पत्रा गच्चीवर उन्हात ठेवायचा आणि महिन्याभराने काय टिकलं, काय उडालं ते बघायचं, हे तिचं काम. तिच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग अडकलेला असतो. परवा हिरवा होता.

तिला पोहायचं भारी वेड. पण चार वर्षांपूर्वी तलावावर कपडे बदलताना मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिने वळून आरशात स्वतःच्या मांड्या पाहिल्या. कातडीवर बारीक बारीक खळगे, बोटांनी दाबून ठेवल्यासारखे. त्याला सेल्युलाइट म्हणतात हे तिला त्याच आठवड्यात कळलं आणि पोहण्याचा पोशाख कपाटात सगळ्यात खाली गेला. ज्या पाण्यात ती लहानपणापासून माशासारखी वावरली, ते पाणी एका हसण्याने तिच्याकडून हिसकावून घेतलं! मला तर वाटतं, ते हसणं आणि माझं झाकण एकाच कारखान्यात तयार होत असावं. एकाने लाजवायचं, दुसऱ्याने विकायचं.

मला घरात आणलं तिच्या धाकट्या नणंदेने. ती पार्लर चालवते. पस्तिशी उलटली तरी सगळे तिला छकुलीच म्हणतात.

“हे घे वहिनी. रोज लाव. आधी एक फोटो, नंतर एक फोटो. फरक पडला की पार्लरचं एक अख्खं कपाट याच डब्यांनी भरणार मी.”

“आणि नाही पडला तर?”

“नाही पडला तर दोष तुझ्या मांड्यांचा,” छकुली म्हणाली आणि स्वतःच खळखळून हसली. पण पहिला फोटो तिने दोन्ही पायांचा नीट काढून घेतला.

मालकीण मात्र मला हातात धरून बराच वेळ बसली. “हे लावून जमलं ना, तर परत पाण्यात उतरेन,” ती हळूच म्हणाली. ते ऐकून मला केवढी जबाबदारी वाटली म्हणून सांगू!

त्याच आठवड्यात कारखान्यात डॉक्टरीणबाई तपासणीला आल्या होत्या. मालकिणीने लाजत लाजत त्यांनाही विचारलं. घरी येऊन तिने नवऱ्याला त्यांचा सगळा पाढा वाचून दाखवला. “हा आजारच नाही म्हणे. बहुतेक बायकांना असतं, अगदी काटकुळ्या असतात त्यांनासुद्धा. पूर्ण जात नाही. पण चाला, जिने चढा, पायांत ताकद आणा, वेळेवर झोपा, तर कमी दिसायला लागेल म्हणाल्या.”

“मग कर की दोन्ही,” नवरा म्हणाला.

“दोन्ही एकदम केलं तर फरक कशाने पडला ते कसं कळणार?” तिने माझ्याकडे पाहिलं. “तुलना करायला आम्ही कारखान्यात अर्धा पत्रा कोरा ठेवतो. क्रीम फक्त डाव्या पायाला लावणार.”

“उजव्याने काय पाप केलंय?”

“त्याला कोराच राहू दे.”

झालं! त्या दिवसापासून मी डाव्या पायाची डबी झाले, आणि माझ्या नशिबी सवती आल्या.

पहिली सवत म्हणजे जिना. तिची प्रयोगशाळा चौथ्या मजल्यावर. लिफ्ट सोडून ती दिवसातून तीनदा चढायची. दुसरी सवत स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची. हात न टेकता तिच्यावर बसायचं आणि उठायचं, वीस वेळा. थोड्या दिवसांनी हातात पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या घेऊन. तेव्हापासून त्या बाटल्याही टेचात राहायला लागल्या. पाकिटातले खारे चटकमटक पदार्थ घरातून गेले. जेवणात भाज्या वाढल्या. मोबाइल दहा वाजता दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ लागला, तेव्हा त्याचं पडलेलं तोंड बघून मला जरा बरं वाटलं. पण तेवढ्यापुरतंच.

माझ्याकडे ती यायची सकाळी आंघोळीनंतर, दोन मिनिटं. मी जीव ओतायचे. चोळलं की कातडी लाल व्हायची, तासभर मऊ लागायची. मला वाटायचं, जिंकले! संध्याकाळी ती घरी यायची आणि जिन्याचं कौतुक सांगायची. “आज एकदाही थांबले नाही. दम लागला नाही!” जिना ना वास देत, ना मऊ करत. ज्याच्यावर लोक पाय देतात त्याचं एवढं कौतुक? मी फडताळात बसून जळत होते. एकदा तर मनात आलं, हिचा पाय मुरगळावा त्या जिन्यावर. खरं सांगते, तेव्हा लाजही वाटली नाही.

पण सगळ्यात जास्त जळले मी उजव्या पायावर. त्या फुकट्याला माझा थेंबही मिळाला नव्हता, आणि तरी तो डाव्याच्या बरोबरीने सुधारत होता! मांडी घट्ट होत होती, खळगे उथळ होत होते. मी रोज आशेने बघायचे की आज तरी डावा थोडा पुढे दिसेल. एकाच पायाला लावल्यामुळे मी दुप्पट पुरले, बारा आठवडे. बारा आठवडे मी हा मत्सर गिळला.

मग छकुली दुसरा फोटो काढायला आली. खिडकीजवळ मालकिणीला उभं करून तिने डाव्या पायाचे आधीचे-नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावले आणि टाळीच वाजवली.

“बघितलंस? केवढा फरक! हाच लावते पार्लरमध्ये.”

“उजवाही काढ,” मालकीण म्हणाली.

छकुलीने काढला. दोघी मोबाइलवर वाकल्या. दोन्ही पाय सारखेच सुधारले होते. दोन्हीवर थोडे खळगे सारखेच शिल्लक होते.

“डावा एकटाच लावू या ना,” छकुली हळूच म्हणाली. “खोटा थोडाच आहे तो?”

“अर्धा पत्रा दाखवून अर्धा लपवला तर मला उद्या कामावरून काढतील.”

“पार्लर आहे गं ते, तुझी प्रयोगशाळा नाही!”

“छकुले, तुझ्या दारात येणारी प्रत्येक बाई आधीच लाजून आलेली असते. तिला आणखी किती फसवायचं?”

छकुलीने तोंड वाकडं केलं. “तू ना वहिनी, धंद्याच्या जवळपास फिरकूच देऊ नये अशी आहेस.” पण तिने सगळे फोटो पुसून टाकले आणि कपाट भरायचा बेत सोडून दिला.

त्या दिवशी मला माझं खरं मोल कळलं. मी वाईट नाही हो. कोरड्या टाचांना मी छान चालले असते. तेवढंच झाकणावर लिहिलं असतं, तर मी मानाने जगले असते आणि कुणाच्या जिन्यावर जळले नसते. ऐकणाऱ्यांनो, दुकानात माझ्या बहिणी दिसल्या तर त्यांना शिव्या देऊ नका. एवढंच विचारा, की हिच्यावर हे लिहिलं कुणी?

मी संपले तेव्हा मालकिणीने मला धुऊन पुसून ठेवलं. आता माझ्यात तिची कानातली राहतात.

आज ती मला घेऊन तलावावर आली. खळगे अजून आहेत, थोडे. कानातली काढून तिने माझ्यात ठेवली, मला बाकावर ठेवलं आणि कमरेचा टॉवेल दोन्ही हातांनी घट्ट धरून कपडे बदलायच्या खोलीच्या दारातच उभी राहिली. पलीकडे पाणी चमकत होतं. त्या पाण्याचाही मला मत्सर वाटला, पण मनातून मी म्हणत होते, सोड गं तो टॉवेल, जा. तिचा पाय काही उचलेना.

फरशी पुसणारी बाई दारापाशी येऊन थांबली. तिने टॉवेलाकडे पाहिलं, मालकिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुसण्याचा दांडा भिंतीला टेकवत म्हणाली, “जा हो ताई बिनधास्त. दुसऱ्याचे पाय बघायला सवड कुणाला आहे इथे? जो तो आपलंच पोट आत ओढून उभा असतो.”