क्रीम की काळं?

आमच्या बाबांच्या तोंडून एकदा शब्द गेला की तो मागे घेताना त्यांच्या जिवावर येतं. नवी गाडी बुक केली त्याच दिवशी कापूसनं त्यांच्या नव्या चपलेचा फडशा पाडला आणि बाबा गरजले, "गाडीत या कुत्र्याचा एक केस जरी दिसला, तरी याची रवानगी आत्याकडे. कायमची!"

कापूस पांढराशुभ्र, आणि उठता-बसता केस गाळणारा. मी तर त्याला घट्ट धरूनच बसले. आई मात्र भाजी निवडता निवडता म्हणाली, "सीट क्रीम घेऊ. क्रीमवर पांढरा केस तुझ्या बापाला सात जन्मांत दिसायचा नाही."

बाबांना क्रीमवर आणणं सोपं होतं. आई पूर्व म्हणाली की बाबा पश्चिम म्हणणारच. घरातले पडदे, पंखे, माझी शाळा, सगळं असंच ठरलेलं. तेव्हा आईनं काळ्यासाठी हटून बसायचं, एवढाच आमचा कट.

शोरूममधल्या विक्रेत्यानं लेदरचे दोन तुकडे टेबलावर मांडले आणि विचारलं, "मग? क्रीम की काळं?"

"काळं!" आई म्हणाली. आणि त्याच क्षणी बाबाही म्हणाले, "काळं!"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. आईला वाटलं, आणखी जोर लावला की हा माणूस फिरेल. "अगदी काळंकुट्ट," ती म्हणाली.

"कुट्टच," बाबा म्हणाले, पण आवाज जरा पडला होता.

विक्रेता खूश. नवरा-बायकोचं इतक्या लवकर एकमत झालेलं त्यानं पाहिलंच नव्हतं म्हणे. तो कॉम्प्युटरकडे वळला. मी टेबलाखालून आईला ढोसत होते, ती बाबांच्या तोंडाकडे आशेनं बघत होती, आणि बाबांना दरदरून घाम फुटला होता. घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला. रुमाल उलगडला आणि त्यातून पांढऱ्या केसांचा पुंजका भुरभुरत काळ्या तुकड्यावर पडला. एकूण एक केस लखलखत होता.

"हे काय?" आई म्हणाली.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "आणले होते. कुठल्या रंगावर दिसत नाहीत ते बघायला." मग चिडून म्हणाले, "मला वाटलं, मी काळं म्हटलं की तू क्रीमचा हट्ट धरशील! आजच कशी गं तू माझ्या बाजूची झालीस?"

मला हसू आवरेना आणि बाबांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. आईनं एकेक केस चिमटीत धरून उचलला, क्रीमच्या तुकड्यावर ठेवला आणि तो तुकडा बाबांच्या पुढ्यात सरकवला.

बाबांनी चष्मा चढवला. नाक लेदरला टेकेल इतके खाली वाकले. बराच वेळ निरखून पाहिलं.

"कुठले केस?" ते म्हणाले.