डक्टकडची खिडकी

संडास आणि मोरी एकाच खोलीत, ही कल्पना ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आली, त्याला सुंदराबाईने इतक्या वेळा शिव्या घातल्या होत्या की तो माणूस एव्हाना उचक्या लागूनच मेला असेल.

लालबागची जुनी चाळ पाडून तिथं टॉवर झाला आणि चाळकऱ्यांना त्यात घरं मिळाली. चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला होता. घाणेरडा होता, पण त्याची घाण त्याच्यापाशी असायची. इथं अंगावर तांब्या घ्यावा तर गुडघ्याशी ते पांढरं भांडं आ वासून बसलेलं. खिडकी उघडावी तर बाहेर डक्ट, म्हणजे दोन भिंतींच्या मधली पाइपांची अंधारी फट. पाइप गळत, कबुतरं त्यांच्यावर बसून हगत, आणि वरच्या मजल्यावरच्या कुणी सुशिक्षित बाया पोरांचे भरलेले डायपर सरळ खाली सोडत. तो वास एकदा घरात शिरला की जेवणाच्या ताटापर्यंत पोचायचा. सुंदराबाईचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

आणि असल्या जागेत तिला बाळंतिणीला न्हाऊ घालायचं होतं. सून कालिंदीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. घरी आणल्या दिवशीच सुंदराबाईने एक जुनी गोधडी घेतली आणि बाथरूमच्या खिडकीत गच्च कोंबली. विचारणाऱ्याला ती सांगायची, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. ते खरंच होतं. पण त्याहून खरं म्हणजे तिला तो वास सोसत नव्हता.

मग गिझरने रंग दाखवायला सुरुवात केली. मुलगा जगदीश, बेस्टमध्ये कंडक्टर, त्याने बाळ येणार म्हणून हौसेने गॅसचा गिझर बसवून घेतला होता. गिझरच्या छातीवर लाल आकडे दाखवणारी इवलीशी पट्टी होती. कालिंदीच्या पाठीवर ऐन कढत पाणी पडत असताना आतली ज्योत फट्‌दिशी विझली, पट्टीवर ‘ई थ्री’ अशी अक्षरं लुकलुकली आणि तिच्या ओल्या अंगावर गार पाण्याची धार आली. कालिंदी किंचाळली.

"मेल्यानं वैर साधलं!" सुंदराबाई ओरडली.

त्यानंतर ते रोजचंच झालं. बंद करून पुन्हा लावला की जरा वेळ चालायचा आणि पुन्हा ई थ्री. नवल म्हणजे जगदीश आंघोळीला गेला की अर्धा अर्धा तास गाणी म्हणत आत बसायचा, तेव्हा गिझर गुमान चालायचा.

"गिझरसुद्धा बाप्यांचाच," सुंदराबाई फणकारली. "बायकांनी नळ सोडला की ह्याच्या पोटात दुखतं."

शेवटी परळहून एका गिझरवाल्याला बोलावलं. तो यायच्या आधी तिने बाथरूम घासली, अगरबत्ती लावली आणि खिडकीतली गोधडी काढून पलंगाखाली ढकलली. बाळंतिणीच्या न्हाणीतलं चिंध्यांचं बूच परक्या माणसाच्या नजरेला कशाला पडू द्यायचं?

गिझरवाला आला तो गालात गुटखा धरूनच. "जय भीम, मावशी," असं काहीसं तो बोलला, पण तोंडातल्या रसामुळे त्यातलं अर्धं आतच राहिलं.

"ई थ्री म्हणजे त्याला हवा कमी पडते. खिडकी बंद नसते ना?"

"ही काय समोर उघडी. दिसत नाय?" सुंदराबाई म्हणाली. आपण खोटं बोलतोय हे तिच्या डोक्यातही आलं नाही. हा आता कुठे थुंकतो, या एकाच काळजीत ती होती.

त्याने गिझर बराच वेळ चालवून बघितला. ज्योत निळीशार, कोड नाही की काही नाही. "मग सेन्सरच गेलाय. उगाच बोंब मारतोय. नवीन यायला आठवडा जाईल."

"आठवडाभर बाळंतीण काय गार पाण्यानं न्हाईल?"

त्याने डोकं खाजवलं, झाकण उघडलं आणि सेन्सरची दोन टोकं तारेने जोडून टाकली. "तात्पुरता शॉर्ट मारलाय. आता कोड येणार नाय, बंद पण पडणार नाय. खिडकी तेवढी उघडी ठेवा." मग तो त्याच खिडकीतून बाहेर वाकला आणि डक्टमध्ये पचकन थुंकला. त्याला मागून ढकलावं, असं सुंदराबाईला मनापासून वाटलं.

त्याची पाठ वळताच गोधडी पुन्हा खिडकीत गेली. कोंबताना तिच्या हाताला काहीतरी टोचलं. कापडाला जळकं भोक होतं आणि घडीत सिगरेटचं थोटूक. तिने ते नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं. जिथं तान्हं लेकरू न्हातं तिथं हा धंदा! पण पाणी तापलं होतं. तिने थोटूक ओच्यात बांधलं आणि राग गिळला.

आधी नातीला न्हाऊ घातलं. मग कालिंदीला पाटावर बसवून म्हणाली, "तू आता सावकाश कंबर शेक. आज नाय विझणार तो." आणि दार ओढून घेऊन ती बाहेर आली.

नातीला ओव्याची धुरी दिली, दुपट्यात गुंडाळलं, झोळीत घातलं. जगदीशची सुट्टी होती. तो टीव्हीपुढे लोळत होता. तिने थोटूक त्याच्या पुढ्यात टाकलं.

"शी! लाज नाय वाटत? लेकीच्या न्हाणीत?"

जगदीश चपापून उठून बसला. "आई, आत धूर नाय राहत गं. मी गोधडी काढतो, खिडकी सताड उघडतो, मगच ओढतो. नंतर परत लावतो. तुला कळू नये म्हणून."

"रोज?"

"रोज. आंघोळीला गेलो की."

सुंदराबाईच्या तोंडात पुढची शिवी तयार होती, ती तिथेच राहिली. जगदीश आत असला की खिडकी उघडी. गिझरवाला आला तेव्हाही उघडी. ती बंद असायची ती फक्त कालिंदीच्या वेळी.

हा जगदीश झाला ते संपाचं वर्ष होतं. मिलच्या बॉयलर खात्यातला तिचा नवरा रामजी घरी बसून होता. तिची सासू बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवून दारंखिडक्या लावून घ्यायची आणि रामजी येऊन धाडकन खिडकी उघडायचा. "सुंदरे, निखाऱ्याला हवा नाय मिळाली तर तो आपली खातो." मिल बंद पडली म्हणून आता बायकांच्या बाळंतपणात नाक खुपसतोयस का, असं ती त्याला तोडून बोलली होती. तरी खिडकी त्याने लावू दिली नव्हती.

आत पाणी पडत होतं. तांब्याचा आवाज नव्हता. बांगड्यांचाही नव्हता.

"जग्या, गॅस बंद कर!" ती किंचाळली आणि दार ढकलून आत शिरली.

कालिंदी भिंतीला टेकून एका अंगावर कलंडली होती, डोळे अर्धे मिटलेले. सुंदराबाईने दोन्ही हातांनी गोधडी ओढून काढली, दांडीवरचं लुगडं सुनेच्या अंगावर टाकलं आणि काखेत हात घालून तिला उभं केलं. पाय घसरला तेव्हा आधाराला तिने त्या पांढऱ्या भांड्याची कड धरली. मग कालिंदीचं तोंड खिडकीबाहेर काढलं. डक्टमधला वास भसकन अंगावर आला, हगणीचा, सांडपाण्याचा, मेलेल्या कबुतराचा.

"ओढ, कालिंदे. श्वास ओढ. माझे बाई, ओढ."

मागे जगदीश फोनवर डॉक्टरला ओरडून पत्ता सांगत होता. कालिंदीची छाती हलली. तिने एक उचकी दिली, मग ओकारी, आणि नाक मुरडून ती पुटपुटली, "आई... किती घाण वास."

"येतो ना वास? येतो ना गं?" सुंदराबाई हमसून हमसून रडायला लागली. "घे. पोटभर घे."

आणि तिने आपलंही तोंड सुनेच्या शेजारी त्या खिडकीबाहेर काढलं.